चिंचेच्या पाण्यातले अकरा पैसे

ये गं, अशी जवळ ये. दारात उभ्या उभ्या 'मावशी, बरी आहेस ना, चल निघते' म्हणतेस, हे काही बरं नव्हे. नागपुराहून एवढा नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून येतेस आणि तासाभरात परतीची बस विचारतेस. मागच्या खेपेला तर हद्द केलीस. एका पायात चप्पल घालून विचारलंस, "मावशी, सगळे आपले लोक नागपूरला निघून गेले, तुम्हीच काहून राहिले जबलपुरात?" असं काही चप्पल घालता घालता विचारतात का? त्याचं उत्तर उंबऱ्यावर मावणारं नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. शाळा मी दोनच वर्षं पाहिली, बाकीचं वाचणं-लिहिणं पुड्यांच्या कागदांवरून शिकले, तेव्हा कुठे चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त कर.

आम्ही राहिलो ते आमच्या घरमालकांमुळे. म्हणजे त्यांच्यामुळेच एकदा निघायची वेळ आली होती आणि मग राहिलो. सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा. मूळ आपल्याच वऱ्हाडातले, पण दोन पिढ्यांपासून इथले. इथल्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीच्या ढलाईखान्यात, जिथे धातू वितळवून साच्यात ओततात तिथे, उभा जन्म गेलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा ते रिटायर झाले होते. कानावर केसांचे झुपके, भुवया अर्ध्या जळलेल्या, त्या पुन्हा कधी नीट उगवल्याच नाहीत. घरात बंडी, बाहेर कोट. कोटाच्या एका खिशात भिंग, दुसऱ्यात छोटी कानस. लोकांच्या खिशात पानाचा डबा असतो तशी यांच्या खिशात कानस.

त्यांना वेड होतं काशाच्या पैशांचं. सोनं-चांदी नाही गं. सोन्याचं नाव काढलं की जांभई द्यायचे. "सोनं काय, पेटीत निजून राह्यते. मीठ-मिरची कोणी आणली? काशाच्या पैशानं आणली." तांब्यात थोडं कथील मिसळलं की कांसं होतं, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं, मी न विचारता.

बाजारातून आले की आधी अंगणातल्या पाट्याजवळ उकिडवे बसायचे. सुटे पैसे एकेक करून पाट्यावर टाकायचे आणि कान लावायचे. जुना, इंग्रज राजाच्या डोक्याचा पैसा पडला की टण्णकन वाजायचा आणि ह्यांचा चेहरा असा व्हायचा जसं कोणी ठेवणीतलं गाणं म्हटलं. नवा नया पैसा पडला तरी मान डोलवायचे, कारण तोही आधी काशाचाच होता. पण मग सरकारने अॅल्युमिनियमचा पैसा काढला. तो पडला की 'टप'. काकाजी तो चिमटीत धरून तसेच कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे परत जायचे.

"भैया, ये गूँगा है. बोलने वाला दो."

पानवाला हात जोडायचा. "काकाजी, सरकार जो दे रही है वही तो दूँगा!"

गल्लीतल्या पोरांना जमवून ते परातीत पाणी भरायचे आणि अॅल्युमिनियमचा पैसा अलगद वर ठेवायचे. तरंगायचा तो! पोरं टाळ्या वाजवायची. "पाहा, हा पैसा. बुडायचीबी लायकी नाही याची." पण तिलवाऱ्याला गेलो की बाकीचे लोक नर्मदेत तोच हलका पैसा टाकायचे आणि काकाजी खिशातून चांगला लालबुंद काशाचा काढायचे. टाकताना चेहरा पाहावा, जसा दात उपटून घेत आहेत. काकू म्हणायच्या, "एवढं जिवावर येते तं नका टाकू."

"मग काय माईला बूच देऊ बाटलीचं?"

काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गुडघ्यांनी अधू, कमी बोलणारी. मूलबाळ नव्हतं. काकाजी ओट्यावर नाण्यांची ओळ लावून व्याख्यान द्यायचे आणि काकू लसूण सोलत ऐकायच्या. एकदा काकाजी सांगत होते की फार जुन्या काळी चीन देशात काशाच्या सुऱ्या पैसे म्हणून चालत. खरोखरच्या सुरीच्या आकाराचे पैसे.

काकूंनी मान वर केली. "मंग भाजीवालीजवळ सुरी घेऊन जायचे? बाप्पा! फुकटच देत असन ते बिचारी."

मी हसून हसून पडले. काकाजीही हसले, पण थांबले नाहीत. रोमात म्हणे आधी काशाची ढेकळंच तोलून देत, मग ढेकळांवर ठसे आले, मग त्यांचे पैसे झाले. चिन्यांनी पुढे सुऱ्या सोडून भोकाचे पैसे काढले, दोरीत ओवून खांद्यावर टाकायला. इथे आले की त्यांचा आवाज बदलायचा. कारण भोकाचा पैसा आपल्याकडेही होता ना, लढाईच्या दिवसांतला. तू पाहिला नसशील. मधोमध मोठं भोक, बांगडीसारखा.

"त्या भोकातलं तांबं कुठं गेलं, माहीत आहे का सूनबाई? तोफेच्या गोळ्यात. लोकाच्या पैशातून काढलं आणि आमच्या भट्टीत आणून टाकलं. म्या ओतलं ते, या हातानं." असं म्हणून दोन्ही तळवे दाखवायचे. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या वेडाचं मूळ तिथे होतं. भोकाचे पैसे लोकांनी पुढे काय केले? स्क्रूखाली लावले, नळात घातले, लेकरांच्या करगोट्यात ओवले. काकाजी कोणाकडेही सत्यनारायणाला गेले की आधी दाराच्या बिजागऱ्या पाहायचे. एका घरी चक्क दाराची बिजागरी खोलून त्यातून पैसा काढला आणि घरधन्याला बदल्यात पितळी चकती दिली, तीही घरून घासून नेलेली. पूजेतले लोक पाहत राहिले. "कैदी सुटला," म्हणाले, आणि प्रसाद घ्यायला बसले.

त्यांचे नियम कडक. जुन्या नाण्याला पाणी लावायचं नाही. चिंच तर नाहीच नाही. "हिरवं चढलं ते त्याचं कातडं आहे. कातडं सोलतात का कोणाचं?" दुसरा नियम, शेकडो वर्षांचं नाणं पाट्यावर आपटायचं नाही. "म्हाताऱ्या माणसाला धक्का मारून पाह्यते का कोणी, वाजते का म्हणून?" आमच्या शेजारणीने एकदा त्यांचा एक मळका पैसा हौसेने चकचकीत करून आणून दिला, तर तिच्याशी संक्रांतीपर्यंत बोलले नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. लक्षात ठेव हे.

आता मुख्य गोष्ट.

राज्यं वेगळी झाल्यापासून आपल्या लोकांची चलबिचल होतीच. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो. कोणी बदली मागत होतं, कोणी घर विकत होतं. तुझे काका, म्हणजे आमचे हे, म्हणत, "आपली फॅक्टरी इथं, दोन खोल्या इथं, काकाजी-काकू इथं. जाऊ कुठं?" मला सातवा महिना लागला होता. माहेरी आई नव्हती, काकूच सगळं करणार होत्या. डोहाळजेवणाची साडीसुद्धा त्यांनी काढून ठेवली होती.

अशात जवळच्या पनागर गावाकडून येतो म्हणणारा एक माणूस काकाजींकडे यायला लागला. गोड बोलायचा, दद्दा दद्दा करायचा. म्हणे विहीर खणताना घडा लागला, घडाभर जुने पैसे. तेवरला, म्हणजे भेडाघाटाच्या वाटेवर जिथे जुन्या राजांची राजधानी होती, तिथे चालायचे तसले, दोन हजार वर्षांपूर्वीचे. नमुन्याला अकरा पैसे आणून दिले. हिरवेगार, मातीने माखलेले. काकाजींनी तळहातावर घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले, खरंच सांगते. भिंगातून तासभर पाहत होते. "एवढ्या दिवसानं माझ्या घरी आले," म्हणाले, जसे पाहुणेच.

घड्याची किंमत त्याने सांगितली ती काकाजींच्या पेन्शनमधून सात जन्मात निघाली नसती. मग काय करावं? मागच्या दोन खोल्या विकायच्या. मागच्या दोन खोल्या म्हणजे आम्ही राहायचो त्या. लाकडाचा एक ठेकेदार गोदामासाठी केव्हाचा मागे लागला होता. काकाजींनी त्याला होकार दिला. गुरुवारी पनागरवाला बयाना, म्हणजे इसाराचे पैसे, घ्यायला येणार, शुक्रवारी ठेकेदाराच्या कागदावर सही, आणि दिवाळी झाली की आम्ही खोल्या सोडायच्या.

काकाजी स्वतः सांगायला आले. आमच्याकडे न पाहता भिंतीला म्हणाले, "मी तुमच्यासाठी दुसरी जागा पाहून राहिलो आहे."

तुझे काका फक्त "बरं" म्हणाले. मी आत जाऊन रडले. काकूंचं तर ऐकण्यासारखं होतं. त्यांनी भांडण केलं नाही, त्या जेवायच्याच बंद झाल्या. भाडं बंद झालं म्हणजे म्हातारपणी दोघांनी खायचं काय, हे त्यांना दिसत होतं. पण नवऱ्याला एकदाच म्हणाल्या, "ऐकलं का, घडा शिजवून खायचा हाय का?" 

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, बुधवारची सकाळ. काकाजी बाहेर गेले होते. काकूंनी मला हाक मारली. "सूनबाई, माझे गुडघे आज काही उठू देत नाहीत. देवघरातलं सगळं घासून ठेवशील काय? देव, समया, लक्ष्मीपूजनाचे पैसे, सगळं. चिंच भिजवून ठेवली हाय."

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला जुने पैसे घासून ताम्हणात मांडतात, तुलाही माहीत आहे. मी घंगाळ घेतलं, चिंचेचं पाणी ओतलं, देवघर रिकामं केलं. राजाच्या डोक्याचे पैसे होते एका वाटीत. बाजूला लाल फडक्यात एक पुरचुंडी होती. तीही उघडून पाण्यात सोडली. सगळंच घासायचं म्हटलं होतं ना!

पुरचुंडी सोडल्या सोडल्या पाणी एकदम हिरवं झालं. वाटलं, समईचा कळक असेल. हात घालून पैसा काढला, तर चौकोनी, वेडावाकडा. राजाचं डोकं नाही.  ते अकरा होते! काकाजींनी देवाजवळ ठेवले होते, सांभाळून राहावेत म्हणून. मी दोन हजार वर्षांचं कातडं सोलून बसले होते.

आता काय करावं? बायकांना एक गोष्ट ठाऊक असते, आंबट ताक तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं, हिरवं होतं. मी धावत घरात गेले, आंबट दही आणलं, अकराही पैशांना चोपडलं आणि ताटात उन्हात मांडले. म्हटलं, संध्याकाळपर्यंत होतील हिरवे. दोन हजार वर्षं मी एका दिवसात भरून काढणार होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. काकाजी.

ताटाकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, हे काय, दहीवडे केले का?"

 मी पदर तोंडाला लावून रडायलाच लागले. "काकाजी, चुकलं माझं. मले वाटलं पूजेचे आहेत. मी चिंचेत घातले."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. खाली बसले. एक पैसा उचलला, धोतराच्या टोकाने दही पुसलं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता काय बोलतील ते बोलोत, खोल्या तर तशाही जाणारच आहेत.

 डोळे उघडून पाहिलं तर ते घंगाळाजवळ सरकले होते. एका हातात राजाच्या डोक्याचा धुतलेला पैसा, लालसर, कोवळ्या पानासारखा. दुसऱ्या हातात तो चौकोनी. आणि तो पिवळा होता. बाजूच्या समईसारखा पिवळाधम्मक.

"किती वेळ चोळला?"

"चोळलाच नाही हो. पाण्यात पडला आणि रंग सुटला."

"रंग सुटला," ते म्हणाले. खिशातून कानस काढली, कडेवर दोनदा फिरवली. वास घेतला. मग पाट्याजवळ गेले. दुसरा नियम होता ना त्यांचा, जुनं नाणं आपटायचं नाही. तरी पैसा वर उचलला. मग टाकला. 'खट्' असा आवाज झाला, दाराच्या कडीचा होतो तसा. अकराही टाकले. अकराही खट्.

"पितळ आहे," ते म्हणाले. "नवसागर लावून हिरवं केलं आहे आणि म्या भट्टीवर तीस वर्षं काढली."

तरी त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. तुझे काका ड्यूटीवरून आल्या आल्या त्यांना सायकलवर मागे बसवून गोहलपुरात घेऊन गेले. तिथे भांडी ओतणारे एक म्हातारे चच्चा होते, काकाजींच्या ओळखीचे. चच्चांनी एकच पैसा जिभेला लावला आणि थुंकले. "काकाजी, ये तो किसी टूटे लोटे का पीतल है. साल भर का भी नहीं. आपको कौन ठग गया? आपको?" तुझे काका सांगत, पहिल्या 'आपको'ला काकाजींनी मान खाली घातली आणि दुसऱ्याला हसायला लागले. असे हसले की चच्चांनी पाणी मागवलं.

गुरुवारी पनागरवाला आला. मी आणि काकू स्वयंपाकघराच्या दारामागे. काकाजींनी त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला. मग समोर वाटी ठेवली, चिंचेच्या पाण्याची, आणि एकच पैसा, पुन्हा मातीत लोळवलेला.

"भैया, ज़रा अपने हाथ से धो दो इसको."

"अरे दद्दा! पुरानी चीज़ को पानी? आप ही तो कहते थे कि पाप है."

"हाँ. मैं ही कहता था. इसीलिए तो तुम मेरे घर आए."

त्या माणसाने वाटीकडे पाहिलं, काकाजींच्या जळक्या भुवयांकडे पाहिलं, आणि अर्धा चहा तसाच टाकून निघाला. फाटकही लावलं नाही. ठेकेदाराला काकाजींनी स्वतः जाऊन सांगितलं की खोल्या विकायच्या नाहीत. त्या दिवशी काकूंनी भाकरी मागून घेतली. पिठलं-भाकरी आणि वर ठेचा. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मोडली. मी शेजारी बसून पाहत होते. मला वाटत होतं की माझ्याच पोटात अन्न पडून राहिलं आहे. किती दिवसांनी पाठ टेकून बसले मी त्या दिवशी!

ते अकरा पैसे काकाजींनी फेकले नाहीत. खऱ्या नाण्यांच्याच पेटीत, सगळ्यात वरच्या खणात ठेवले. कोणी पाहायला आलं की आधी ते. "आधी माझी अक्कल पाहा, मग राजांची पाहा." आणि सगळी कथा साभिनय. त्यात माझा दहीवड्यांचा भाग इतका वाढवून सांगायचे की मी लाजून आत पळायची. नियमही बदलला. आता नवं नाणं घरी आलं की मला हाक यायची, "सूनबाई, एका कोपऱ्याला जरा चिंच लाव बरं." माझ्या बोटांवर त्यांचा स्वतःच्या भिंगापेक्षा जास्त भरवसा बसला होता. तुझी ताई त्याच मागच्या खोलीत झाली. तिला त्यांनी करगोट्यात भोकाचा पैसा घातला. आपल्या पेटीतला, बरं का, कोणाच्या बिजागरीतला नाही.

काकाजी गेले, त्यालाही किती वर्षं झाली. त्यांच्या तेराव्यानंतर मी आणि काकू देवघर आवरत होतो. चिंचेचं भांडं हातात आलं आणि मला आठवून हसू फुटलं. म्हटलं, "काकू, माझ्यासारखी वेंधळी दुसरी नसेल. पुरचुंडी कसली आहे ते पाहिलंसुद्धा नाही मी."

काकू समईची वात करत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "तू कायची वेंधळी. म्याच ठेवली होती ते तिथं, वाटीजवळ. यायनं तं वरच्या फळीवर ठेवली होती."

मी भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं पितळ आहे म्हणून?"

"मले काय मालूम बाप्पा, पितळ का कांसं! मले वाटे खरेच हाय. म्हटलं, खराब झाले तं मन उतरन यायचं."

"आणि खरे असते तर? काकाजी माझ्याशी जन्मभर बोलले नसते!"

"नसते बोलले. पण तुले त्यायनं घराबाहेर काढलं नसतं. गर्भार पोरीले कोण काढते? मी केलं असतं तं मातर घडा घेऊनच दाखवला असता त्यायनं मले, जिद्दीनं." वात झाली, ती त्यांनी समईत ठेवली. "तुले सातवा होता. मी काय करू मंग दुसरं? उठाले येत होतं मले त्या दिवशी. गुडघे चांगले होते."

तर हे असं आहे. कोणी आपल्याला ठेवून घ्यायला एवढं करावं, आणि तेही इतकी वर्षं न सांगता, मग नागपूरला जाऊन मी करू काय? राहिलो. पुढे त्या खोल्या काकूंनी आमच्याच नावावर केल्या. आता तुझे काकाही नाहीत. पोरं आपापल्या गावी, मराठी समजतात पण बोलतात हिंदीत. मी आहे इथे, मागच्या खोलीत. सकाळी ऊन अगदी पलंगापर्यंत येतं. पुढची खोली झाडून ठेवली आहे, गादीला नवी खोळ घातली आहे. आता तासाभरासाठी नको येऊस गं. चार दिवसांची रजा काढ, पोरांना घे आणि ये. लवकर ये.